दुखणं अक्कलदाढेचं, किंमत शेजारणीची

तो दवाखान्यात आला तेव्हा बोलत नव्हता. मोबाईलवर टाइप करून दाखवत होता : ‘डावीकडे खाली. तीन दिवस. काल रात्रीपासून तोंड उघडत नाही.’

वय 24. मराठवाड्यातल्या एका गावातून राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आलेला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा. मुख्य परीक्षा 41 दिवसांवर. डावा गाल कानाच्या पाळीपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत टरारलेला, मान किंचित डावीकडे कललेली. मेसमधलं जेवण बंद होतं, दूध आणि ताक यावर दोन दिवस काढलेले. अंगात ताप 100.8.

हे प्रकरण त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून लिहितो आहे. यात दुर्मीळ असं काहीच नाही, आणि लिहायचं कारणही तेच आहे. पेठांमधल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या पोरापोरींचं वय आणि अक्कलदाढ येण्याचं वय नेमकं एकच, साधारण 17 ते 25. त्यामुळे अशी सुजलेली गालफडं मला वर्षभर दिसतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची कहाणी एकाच वळणाने गेलेली असते : दुखलं, गोळी घेतली, थांबलं, विसरलो.

त्याचंही तसंच होतं. पहिल्यांदा दुखलं ते 21 व्या वर्षी, गावी असताना. आजीने लवंग धरायला दिली, मग चिमूटभर मिसरी दाबून ठेवायला सांगितली. चार दिवसांनी थांबलं. आठ महिन्यांनी पुन्हा. या वेळी दुखणं कानात जास्त जाणवलं, म्हणून तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला. कानात टाकायचे थेंब मिळाले आणि योगायोगाने त्याच आठवड्यात दाढही शांत झाली. तिसऱ्या खेपेला पुण्यातल्या एका दवाखान्यात गेला. तिथे अँटिबायोटिक आणि वेदनाशामक लिहून मिळालं, ‘पुन्हा दुखलं तर या’ असं सांगितलं गेलं. एक्स-रे काढला होता का, असं मी विचारलं. त्याने मानेनेच नाही म्हटलं. आणि ही चौथी खेप. त्याच जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून तीच पाकिटं आणून त्याने दोन दिवस घेतली होती. या वेळी मात्र ती लागू पडली नव्हती.

मी विचारलं, मधल्या काळात, म्हणजे दुखत नसताना, त्या बाजूला दुसरं काही जाणवायचं का? त्याने थोडा विचार करून टाइप केलं : ‘थंड पाणी प्यायलं की सणक. पाच-सहा महिन्यांपासून. त्या बाजूने पाणी पीत नाही.’

या एका ओळीने प्रकरणाचं तोंड फिरलं. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेभोवतीची हिरडी सुजली तर ठणका लागतो, तोंड कडू होतं, वास येतो, गिळताना दुखतं. पण थंड पाण्याची सणक हे हिरडीचं लक्षण नव्हे. ती दाताच्या आतल्या नसेची तक्रार असते. म्हणजे तिथे आणखी कुणीतरी दुखत होतं.

तोंडात काय दिसलं

निरोगी माणसाने स्वतःची तीन बोटं उभी धरली तर ती वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये मावतात. याचं जेमतेम एक बोट जात होतं. पट्टीने मोजलं तर 16 मिलिमीटर. एवढ्याशा फटीतून लहान आरसा आणि टॉर्चच्या उजेडात जे दिसलं ते असं : खालच्या डाव्या जबड्याच्या अगदी टोकाला अक्कलदाढेचा एकच कोपरा बाहेर आलेला, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा. बाकीच्या दाढेवर हिरडीची जाड, लालभडक झालर पांघरलेली. त्या झालरीवर मधोमध एक खोलगट, पांढुरकी खूण. वरची डावी अक्कलदाढ पूर्ण बाहेर येऊन खाली लोंबली होती, आणि तिचा टोकदार उंचवटा प्रत्येक घासाला त्या सुजलेल्या हिरडीत रुतत होता. खूण त्याचीच. बोटाने हलकेच दाबल्यावर झालरीच्या कडेतून पिवळसर पुवाचा एक थेंब वर आला.

ही झालरच सगळ्या त्रासाचं मूळ. दाढ पूर्ण उगवली तर हिरडी मागे सरकते. जागा नसल्याने दाढ अर्ध्यावर अडकली की हिरडीचं झाकण तसंच राहतं आणि खाली एक पिशवी तयार होते. पोळीचा कण, डाळ, भाताचं शीत तिच्यात शिरतं, पण ब्रश शिरत नाही. ऑक्सिजनविना वाढणारे जंतू तिथे मजेत राहतात. अंगात ताकद असते तोवर शरीर त्यांना दाबून धरतं. जागरणं, अर्धपोटी राहणं, ताण किंवा साधी सर्दी आली की तोल ढळतो. परीक्षेच्या तोंडावर अक्कलदाढ सुजते ती अशी. मुलं म्हणतात ‘नेमकी आत्ताच’. पण त्या ‘आत्ता’मागे कारण असतं.

तोंड का उघडत नाही, हेही त्याला चित्र काढून दाखवलं. चावण्याचे जाड स्नायू खालच्या जबड्याला अक्कलदाढेच्या अगदी मागेच चिकटलेले असतात. सूज तिथवर पोहोचली की स्नायू आखडतात. कानात जाणारं दुखणंही खरंच होतं, फक्त कान निर्दोष होता. खालच्या दाढांची संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूचीच एक फांदी कानापुढून वर जाते, म्हणून मेंदूला दुखण्याची जागा नीट कळत नाही.

महाराष्ट्रात दंतवैद्याने अशा वेळी आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी. तरुण मुलाचं तोंड उघडत नसेल तर ते गुटखा, खर्रा, मावा, सुपारी यांमुळेही असू शकतं. गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू दोरखंडासारखं घट्ट होत जातं, तिखट लागलं की आग होते आणि पुढे त्यातून कॅन्सरचा धोका असतो. भारतात या आजाराचं वर्णन 1953 मध्ये जोशी या डॉक्टरांनी केलं. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी असे गाल मी आजही तपासतो. फरक असा की ते तोंड काही महिन्यांत, वर्षांत बंद होत जातं. अक्कलदाढेचं एका रात्रीत. याच्या गालांच्या आतून बोट फिरवलं. अस्तर मऊ, गुलाबी. सुपारी खात नसल्याचं तो म्हणाला ते खरं होतं.

मग धोक्याच्या खुणा. जिभेखालचा भाग मऊ आहे का, जीभ वर ढकलली गेली आहे का, पडजीभ मधोमध आहे का, थुंकी गिळता येते का, आडवं पडल्यावर श्वास अडकतो का, आवाज बदलला आहे का. खालच्या मागच्या दाढांचा पू जबड्याच्या आतल्या बाजूने उतरला तर हनुवटीखाली, जिभेखाली दोन्हीकडे सूज पसरून श्वासमार्ग दाबला जातो. जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836 मध्ये त्याचं वर्णन केलं, आजही त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो आणि आजही माणसं त्याने दगावतात. या खुणांपैकी एक जरी असती तर मी याला खुर्चीवर बसवून न ठेवता थेट मोठ्या रुग्णालयात पाठवलं असतं. सुदैवाने एकही नव्हती. जबड्याखाली एक सुपारीएवढी दुखरी गाठ लागत होती, म्हणजे शरीर लढत होतं.

पहिला दिवस

दाढ लगेच काढून टाका, असा त्याचा पहिला आग्रह. तोंड जेमतेम 16 मिलिमीटर उघडत असताना ते शक्यही नव्हतं आणि शहाणपणाचंही नव्हतं. बोथट सुईच्या सिरिंजने हिरडीच्या झालरीखाली कोमट सलाईनचा फवारा मारला. पहिल्या दोन सिरिंजमधून पू आणि कुजलेले अन्नकण आले. चौथ्या-पाचव्या सिरिंजला पाणी स्वच्छ यायला लागलं. हे काम दहा मिनिटांचं आहे, त्यात डामडौल काही नाही, आणि माझ्या अनुभवात गोळ्यांपेक्षा जास्त आराम यानेच पडतो. पिशवीत पू तुंबलेला असेल तर वरून कितीही भारी गोळ्या घ्या, तिथवर औषध पुरेसं पोहोचत नाही.

अँटिबायोटिक दिलं, कारण ताप होता, गाठ होती आणि जबडा आखडला होता. नुसती हिरडी दुखरी असती तर दिलं नसतं. या मुलाने याआधी दोन वेळा अँटिबायोटिक खाल्लं, त्यांतलं एकदा स्वतःच्या मनाने आणि अर्धवट. त्याची शेवटची गोळी अजून पाकिटात होती. हे मला फार लागतं. दुखणं थांबलं की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या पुढच्या खेपेला जपून ठेवायच्या, ही सवय घरोघरी आहे. अशा अर्धवट डोसांतून जंतू औषधाला सरावतात आणि मग खरी गरज पडते तेव्हा तेच औषध निकामी ठरतं.

घरी दिवसातून पाच-सहा वेळा कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या, बाहेरून शेक अजिबात नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं. गरम पिशवीने बरं वाटतं हे खरं, पण सूज बाहेरच्या त्वचेकडे ओढली जाऊन गालावर फुटण्याची भीती असते.

त्याच दिवशी ओपीजी काढला. हा संपूर्ण जबड्याचा एक्स-रे. त्यासाठी तोंड मोठं उघडावं लागत नाही. उभं राहायचं, पुढच्या दातांत एक छोटी कांडी धरायची, यंत्र डोक्याभोवती पंधरा-वीस सेकंद फिरतं. त्यातला किरणोत्सर्ग म्हणजे आपल्याला निसर्गातून दोन-चार दिवसांत मिळतो तेवढा. तिसऱ्या खेपेला हा एक्स-रे झाला असता, तर पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं कदाचित घडलं नसतं.

एक तोंड, चार दाढा, चार निर्णय

चौथ्या दिवशी तो आला तेव्हा ताप उतरला होता, दोन बोटं जात होती आणि तो बोलत होता. वडीलही गावाहून आले होते. एक्स-रे स्क्रीनवर लावला आणि तिघे मिळून बघत बसलो.

डावीकडची खालची अक्कलदाढ सरळ उभी नव्हती. पुढे झुकली होती, गर्दीत समोरच्याच्या पाठीवर डोकं टेकावं तशी. अडकलेल्या खालच्या अक्कलदाढांमध्ये हा झुकाव सगळ्यात जास्त आढळतो. तिचं डोकं ज्या शेजारणीच्या पाठीला टेकलं होतं, त्या दुसऱ्या दाढेच्या मागच्या भिंतीत, हिरडीच्या पातळीखाली, एक काळा खड्डा दिसत होता. कीड. ती आतल्या नसेच्या अगदी जवळ पोहोचलेली. दोन दाढांच्या मधल्या त्या कोनात अडीच वर्षं अन्न साचत होतं. तिथे कोणताही ब्रश पोहोचत नाही आणि आरशातही काही दिसत नाही.

मी कापसावर बर्फाचा तुकडा घेऊन दाढांना एकेक करून लावला. इतर दाढांवर गार लागलं आणि बर्फ काढताच थांबलं. या दाढेवर त्याने डोळे मिटून घेतले आणि बर्फ काढल्यावरही जवळपास अर्धा मिनिट हात गालावरून काढला नाही. नस बरी होण्याच्या पलीकडे गेली होती. रूट कॅनाल अटळ.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. म्हणाला, “सर, म्हणजे खराब झाली ती वेगळीच दाढ?”

हो. आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच. अक्कलदाढ गेली तर माणसाचं चावणं अडत नाही. दुसरी दाढ मात्र बारा-तेराव्या वर्षी येऊन जन्मभर राबायची असते. दुखण्याच्या चार खेपांमध्ये मधले जे शांत महिने गेले, त्याच महिन्यांत तिचं नुकसान झालं.

वडिलांनी सरळ विचारलं, “डॉक्टरसाहेब, मग चारीच्या चारी काढून टाका ना. एकदाचा निकाल लागू द्या.” ही मागणी नवीन नाही. पण प्रत्येक अक्कलदाढ गुन्हेगार नसते. ब्रिटनमध्ये 2000 साली नाइस या संस्थेने मार्गदर्शक सूचना काढली, की ज्या अडकलेल्या अक्कलदाढेत काही बिघाड नाही ती केवळ खबरदारी म्हणून काढू नये. कारण शस्त्रक्रियेचे स्वतःचे धोके आहेत आणि बिनत्रासाच्या दाढेसाठी ते पत्करायचे कशाला? ती सूचना मला पटते. पण पुढच्या काळात तिथल्याच सर्जननी दाखवलं, की वाट बघत बसल्याने अक्कलदाढा निघतात त्या जास्त वयात, आणि तोवर काहींच्या शेजारच्या दाढेला मागून कीड लागलेली असते. म्हणून माझा नियम साधा आहे : दाढ पुढे झुकलेली असेल आणि अर्धवट तोंडात उघडी असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. बाकीच्यांचा निवाडा एकेक करून करावा.

खालची डावी काढायची, यात वाद नव्हता. वरची डावी सरळ होती, किडलेली नव्हती, पण खालची गेल्यावर तिला चावायला जोडीदार उरणार नव्हता. ती आणखी खाली उतरत राहिली असती, गालाला चावली असती. तीही त्याच बैठकीत काढायची. दोन्ही एकाच बाजूच्या असल्याने उजवीकडून जेवता येणार होतं. खालची उजवी पूर्ण उगवलेली, सरळ, हिरडी घट्ट. ती ठेवायची. तिला घासण्याची एक युक्ती शिकवली : लहान डोक्याचा ब्रश घ्यायचा आणि तोंड अर्धवट मिटायचं. मोठा ‘आ’ केला की गाल ताणला जातो आणि ब्रश मागे शिरत नाही. तोंड अर्धं मिटलं की गाल सैल पडतो. वरची उजवी हाडात खोल, तोंडाशी कसलाही संबंध नाही, भोवती गळूची छाया नाही. तिला हात लावायचा नाही, पण दोन वर्षांनी पुन्हा एक्स-रे काढून तिच्याभोवती पाण्याची पिशवी धरत नाही ना ते बघायचं.

रूममेटने त्याला सांगितलं होतं, की अक्कलदाढा मागून रेटतात आणि पुढचे दात वाकडे होतात. पालकही हे फार विचारतात. वयाच्या विशीत खालचे पुढचे दात थोडे दाटतात हे खरं, पण ते अक्कलदाढा नसलेल्यांचेही दाटतात. तेवढ्यासाठी दाढ काढू नये.

वडिलांच्या मनात वेगळीच भीती होती, ती त्यांनी मुलगा पाणी प्यायला बाहेर गेल्यावर विचारली. “वरची दाढ काढली की नजर कमी होते म्हणतात. लेकराला वाचायचं आहे दिवसभर.” मी हसण्यावारी नेलं नाही. खेड्यात कितीतरी म्हातारी माणसं या भीतीपोटी सडलेल्या दाढा तोंडात ठेवून मरणयातना काढतात. त्यांना म्हटलं, काका, दाताची नस आणि डोळ्याने दिसायची नस या पूर्णपणे वेगळ्या. दात पडतात त्याच वयात मोतीबिंदूही येतो, म्हणून लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. आणि अक्कलदाढेचा अकलेशीही संबंध एवढाच, की ती कळत्या वयात येते. अरबी भाषेतही तिला अकलेचीच दाढ म्हणतात. आपल्याकडचा ‘अक्कल’ हा शब्द मूळचा तिथलाच.

खरी काळजी करण्यासारखी गोष्ट मी स्वतःहून सांगितली. खालच्या जबड्याच्या हाडातून एक मज्जातंतू नळीतून जातो आणि खालचा ओठ व हनुवटी यांना संवेदना देतो. अक्कलदाढेची मुळं त्या नळीला खेटून असतील तर शस्त्रक्रियेनंतर ओठ बधिर राहू शकतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो, अगदी थोड्यांचा कायम राहतो. याच्या एक्स-रेत नळीची पांढरी रेघ अखंड होती, मुळांचा रंग नळीजवळ काळवंडलेला नव्हता. म्हणून त्रिमितीय स्कॅनची गरज पडली नाही. तरी संमतीपत्रावर ही ओळ मी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहितो आणि मोठ्याने वाचून दाखवतो.

उरला प्रश्न परीक्षेचा. त्याचं म्हणणं, आता बरं वाटतंय, परीक्षा झाल्यावर काढू. मी कॅलेंडर पुढे ओढलं. परीक्षेला 38 दिवस. झालर अजून जागेवर, वरची दाढ अजून तिच्यात रुतणारी, आणि ताण रोज वाढणार. पाचवी खेप नेमकी पेपरच्या आठवड्यात आली तर? आठवडाभरात काढली तर सूज उतरून अभ्यासाला तीन-साडेतीन आठवडे मिळतात. वडिलांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान हलवली.

दाढ निघाली तो दिवस

पहिल्या भेटीपासून बाराव्या दिवशी. तोंड 38 मिलिमीटर उघडत होतं. जागेवर भूल दिली : लिग्नोकेन, त्यात रक्तस्राव कमी राहावा म्हणून थोडं ॲड्रेनलिन. पाच मिनिटांनी अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड झाली. त्याला आधीच सांगितलं होतं, दुखणार नाही, पण दाब आणि आवाज जाणवेल. बधिर तोंडात दाब जाणवला की माणूस घाबरतो, त्याला वाटतं भूल उतरली. आधी सांगितलेलं असलं की घाबरत नाही.

वरची दोन मिनिटांत निघाली. खालच्या दाढेसाठी हिरडीला छेद देऊन ती बाजूला केली. दाढेच्या भोवतीचं हाड बरने, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या टोकाने, सलाईनची धार सोडत, जेमतेम गरजेपुरतं कोरलं. धार सतत हवी, नाहीतर हाड तापून मरतं. पुढे झुकलेली दाढ अख्खी ओढायला गेलं तर ती शेजारणीच्या पाठीखाली अडकते. म्हणून तिचे दोन तुकडे करायचे. बर अर्ध्याहून खोल गेला, खाचेत हत्यार घालून फिरवलं आणि कट् असा आवाज आला. मागचा तुकडा आधी, मग मोकळ्या झालेल्या जागेत पुढचा तुकडा मागे वळवून. त्या क्षणी शेजारणीची मागची भिंत पहिल्यांदा उघड्यावर आली. खड्डा एक्स-रेत दिसला होता त्याहून रुंद, तपकिरी आणि खरवडल्यावर ओल्या चामड्यासारखा मऊ. मऊ कीड काढून तात्पुरतं औषधी भरण केलं. रक्ताच्या ओलीत पक्कं भरण टिकत नाही. तीन टाके. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

दाढेचे तुकडे त्याला बशीत दाखवले. पुढच्या तुकड्यावर, शेजारणीला टेकत होतं त्या जागी, तसाच तपकिरी डाग होता.

पुढचे दोन दिवस गाल फुगला. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, हे सांगून ठेवलं होतं. थुंकायचं नाही, स्ट्रॉने ओढून प्यायचं नाही, पहिले चोवीस तास गुळण्या नाहीत, गार मऊ भात आणि दही. तिसऱ्या दिवशी फोन आला, बरं आहे. चौथ्या दिवशी रात्री पुन्हा फोन : असह्य ठणका, कानापर्यंत, गोळीने थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं. खालच्या खड्ड्यात रक्ताची गाठ नव्हती, राखाडी उघडं हाड दिसत होतं, वास येत होता. याला ड्राय सॉकेट म्हणतात. रक्ताची गाठ ही त्या जखमेची नैसर्गिक पट्टी असते. ती विरघळली किंवा निघाली की हाड उघडं पडतं. खालच्या अक्कलदाढेत हे इतर दातांपेक्षा जास्त होतं, आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये आणखी जास्त.

मी एकट्यालाच आत घेऊन विचारलं. त्याने खाली बघत सांगितलं, दिवसाला तीन-चार सिगारेट्स, टपरीवर चहासोबत. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी दोन ओढल्या होत्या. पहिल्या दिवशी हा प्रश्न मी विचारायला हवा होता, पण तेव्हा लक्ष सुपारी-गुटख्यावर होतं. नंतर विचारला तो वडिलांसमोर. वडिलांसमोर कोणता मुलगा हो म्हणेल? ती चूक माझी होती. तेव्हापासून तंबाखू-सिगारेटचा प्रश्न मी नातेवाइकांना बाहेर बसवूनच विचारतो, रुग्ण कितीही ‘चांगल्या घरचा’ दिसला तरी, मुलगी असली तरी.

खड्डा सलाईनने धुतला आणि लवंगतेलाचा अर्क असलेली औषधी पट्टी भरली. पंधरा मिनिटांत त्याचा चेहरा सैल झाला. आजीची लवंग इथे खरोखर कामाची असते, फक्त योग्य जागी आणि योग्य वेळी. तेच तेल नुसतं कापसाने हिरडीवर चोळत राहिलं तर हिरडी भाजते. दर दोन दिवसांनी पट्टी बदलली, तीन वेळा. टाके सातव्या दिवशी काढले. सिगारेट त्याने परीक्षेपर्यंत तरी बंद ठेवल्याचं सांगितलं आणि त्या काळात त्याच्या तोंडाला वास आला नाही.

शस्त्रक्रियेनंतर अडीच आठवड्यांनी शेजारणीचं रूट कॅनाल सुरू केलं. दोन बैठकांत पूर्ण झालं. परीक्षेला एक आठवडा असताना थंड पाण्याचा ग्लास त्याने माझ्यासमोर डाव्या बाजूने प्यायला. कॅप परीक्षेनंतर बसवली. तिची मागची कड हिरडीखाली न्यावी लागली, कारण कीड तिथवर गेली होती. अशा ठिकाणी कॅपची कड स्वच्छ ठेवणं अवघड जातं.

सहा महिन्यांनी तपासलं. ओठाची, जिभेची संवेदना पूर्ण. तोंड 46 मिलिमीटर. अक्कलदाढेच्या जागी हाड भरून येत असलेलं एक्स-रेत दिसतं. शेजारणीच्या मागे हिरडी आणि दात यांच्यामधली खोली 5 मिलिमीटर भरली. निरोगी हिरडीत ती 3 पर्यंत असते. तिथे हाड थोडं कायमचं गेलं आहे, ते परत येईल असं मी त्याला सांगितलेलं नाही. त्या जागेसाठी एकाच गुच्छाचा बारीक ब्रश दिला आहे, रोज रात्री वापरायचा. पुढची तपासणी पुन्हा सहा महिन्यांनी, आणि वरच्या उजव्या दाढेचा एक्स-रे दोन वर्षांनी; दोन्ही तारखा त्याच्या कार्डावर लिहून दिल्या आहेत.